लग्नाचं शुद्धिपत्रक

कडुबा साळवे यांना इंग्रजी जेमतेम येतं, पण लॅटिन अस्खलित. टेंडर शाखेत एकतीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? नंतर सुचलं ते अ‍ॅडेंडम, आपलं चुकलं ते कॉरिजेंडम, छापणाऱ्याचं चुकलं ते इराटम. चौथ्या प्रकारची चूक सरकारात होत नाही.

जूनमध्ये ते रिटायर होणार. त्याआधी एकच हौस: लेकीच्या, मेघाच्या लग्नाला अख्खं ऑफिस आलं पाहिजे. पडेगावचा हॉल रविवारी, सतरा मेला ठरला. पत्रिकेत छापलं ‘रविवार, दि. १८ मे’. तीनशे पत्रिका वाटून झाल्यावर ते बायकोच्या, गीताबाईंच्या लक्षात आलं.

कडुबा तडक छापखान्यात गेले.

“जब्बारभाई, इराटम काढा.”

जब्बारभाईंनी शांतपणे प्रूफ पुढं ठेवलं. “ये सही किसकी? गेल्या सालचं कॅलेंडर बघून तुम्हीच तारीख टाकली, साळवेसाब. कॉरिजेंडम बोलो.”

वीस वर्षं टेंडरचे फॉर्म छापून जब्बारभाईंचंही लॅटिन सुधारलं होतं.

“सरळ फोन करा ना समद्यांना,” गीताबाई म्हणाल्या.

“तोंडी दुरुस्ती ग्राह्य नसते.”

मग कॉरिजेंडम निघालं. ‘दि. १८ ऐवजी दि. १७ वाचावे. उर्वरित मजकूर कायम.’ खाली जावक क्रमांक, सही. गीताबाईंनी मात्र आपल्या वैजापूरच्या माहेराला गुपचूप फोन केले.

सतराला सकाळी नऊलाच वैजापूर हजर होतं आणि चहा मागत होतं. साडेअकरा वाजले तरी ऑफिसच्या बाजूच्या दीडशे खुर्च्या रिकाम्या. लग्न साडेबाराला. कडुबांनी शाखेतल्या इंद्रजीतला फोन लावला.

“आम्ही थांबलोत ना साहेब,” इंद्रजीत म्हणाला. “पहिल्या कॉरिजेंडमवर आपलं कोणतं काम झालंय आजवर? दुसरं येईल, मुदतवाढ येईल. बावीसपर्यंत जाईल म्हणतेत लोकं.”

“अरे, लग्न आहे ते.”

“व्हय, पण तसं लेखी द्या की.”

कडुबांना राग यायला हवा होता. पण शाखेला हे वळण त्यांनीच लावलं होतं, त्यामुळं थोडं बरंही वाटलं. ऑफिसच्या ग्रुपवर त्यांनी टाइप केलं: ‘कॉरिजेंडम क्र. २. मंगल परिणय आज दुपारी १२.३०. अंतिम मुदत. मुदतवाढ दिली जाणार नाही.’

बारा वीसपर्यंत कुणी नाही. बौद्धाचार्यांनी दोनदा माइक तपासला. नवरदेव अभय उगाच हसत उभा होता.

“पप्पा, सुरू करू या आता,” मेघा म्हणाली. “नाही आले तर नाही आले.”

“दहा मिनिटं आहेत बेटा. लोकांना टेंडर भरताना तू पाहिलेलं नाहीस.”

बारा पंचवीसला फाटकावर स्कूटरींची रेटारेटी सुरू झाली. इंद्रजीत घामाघूम, अहेराचं पाकीट पक्कं चिकटवलेलं. मागून लेखा शाखा, आवक-जावक, दोन ठेकेदारसुद्धा. खुर्च्या भरल्या, उरलेले भिंतीला टेकले. मेघाला हसू आवरेना.

ठीक साडेबाराला कडुबांनी हॉलचं दार लावून कडी घातली. लगेच बाहेरून कुणीतरी ठोठावलं. “साळवे, मी आहे.” मोठे साहेब होते.

“साहेब, वेळ संपली. उशिरा आलेले स्वीकारता येत नाहीत,” कडुबा आतून अदबीनं म्हणाले.

गीताबाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि कडी काढली. “या भाऊ, या. ह्यांचं काय मनावर घेऊ नका, जूनपासून घरीच हायेत.”