टीची चव

वेईक्काची जीभ शाबूत सुटली. पण हे तुम्हाला अजून माहीतच नाही असं धरून चालू, कारण तेव्हा हिल्कालाही ते माहीत नव्हतं.

फिनलंडमधल्या ओउलूजवळच्या बालवाडीत T हे अक्षर शिकवायला तिने सकाळी मुलांकडून कणकेचे टी वळून घेतले होते. बोटाने गिरवा, हुंगा, भाजून झाला की चाखा. मग सगळ्यांना जाडजूड कपड्यांत कोंबून तिने अंगणात टी शोधायला नेलं. बाहेर उणे अठरा. वेईक्काला टी लगेच सापडला, सतरंज्या झोडायचा आडव्या दांडीचा लोखंडी खांब. त्याने तो गिरवला, हुंगला आणि शिकवल्याप्रमाणे चाखला.

"हिक्का," तो म्हणाला, "हा मया थोदत नाही."

हिल्काला दिसलं, गारठलेल्या लोखंडाला त्याची जीभ चिकटली होती. पोराने हिसका दिला तर जिभेचं सालटं खांबावरच राहणार! तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. "हलू नकोस रे राजा!"

"मी पण चाखू?" मागून साईमीने विचारलं.

"खबरदार जीभ बाहेर काढलीस तर! थर्मास आण आधी!"

काय करायचं नाही हे नीट कळावं म्हणून सगळ्या मुलांनी जिभा बाहेर काढून पाहिल्या.

हिल्काने थर्मासमधलं कोमट सरबत त्याच्या जिभेवर ओतलं. वेईक्काच्या हनुवटीवरून लालभडक ओघळ आला. तिला ते रक्तच वाटलं. सरबत लाल बेरींचं होतं हे तिला आठवेना.

वेईक्काने मिटक्या मारल्या. "टी गोड आहे."

दुपारी हिल्काने नगरपालिकेला रीतसर अर्ज धाडला: थंडी ओसरेपर्यंत टी हे अक्षर वर्णमालेतून तात्पुरतं काढून ठेवण्यात यावं, ही नम्र विनंती.