टेलरबाईची नऊ पानं

भावाची कादंबरी टाइप करायला बसले आणि सत्तेचाळिसाव्या पानावर माझं डोकं फिरलं.

नायक मुलाखतीला निघतो, शर्टाचं बटण तुटतं, तळमजल्यावरची टेलरबाई ते लावून देते. बस, एवढंच तिचं काम. पुन्हा ती कादंबरीत फिरकतही नाही. पण तिच्यासाठी नऊ पानं! नवरा कधी सोडून गेला, मशीन कसं घेतलं, मांजराचं दुखणं, सगळं साग्रसंगीत. आणि नायकाची ताई? एक ओळ. 'घरी ताई होती.'

होती म्हणे! आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि मी सतराची. याचे डबे, याचे ताप, याच्या परीक्षा, सगळं मी निस्तरलं. टेलरबाई खरोखरच आमच्या इमारतीत खाली राहायची. हा शाळेतून आला की आधी तिच्याकडे, मग वर. तेव्हाही माझा जळफळाट व्हायचा, फक्त कुणाला बोलले नाही.

मग प्रकाशनाच्या संपादकबाईंनी हस्तलिखित परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. 'दुय्यम पात्रांचा इतिहास फार झालाय. दारात येऊन जाणाऱ्या माणसाची एखादी खूण पुरते.'

भावाने हात टेकले. "ताई, मला नाही जमणार. तूच चालव कात्री."

मला तेच हवं होतं. एका बैठकीत नऊ पानं उडवली. मांजर गेलं, नवरा गेला, मशीन गेलं. बटण तर लागायलाच हवं, म्हणून एक वाक्य ठेवलं: 'बटण लावून झालं की ती दोरा दाताने तोडायची, तेवढा वेळ तिचं डोकं त्याच्या छातीला टेकायचं.' आणि मोकळ्या झालेल्या जागेत ताईची दोन पानं घुसवली. सुटलेलं कॉलेज, मोडलेलं लग्न, काही म्हणून सोडलं नाही. भावाने न वाचताच पाठवून दिलं.

महिन्याभराने संपादकबाईंचा फोन आला. भावाने स्पीकर लावला.

"ताईची दोन पानं काढली हं. 'घरी ताई होती' एवढं पुरे आहे. पण ती टेलरबाई! नऊ पानांत दिसत नव्हती, आता एका वाक्यात काय उभी राहिलीय! कोण हो ही?"

भाऊ म्हणाला, "होती एक." आणि डोळे पुसले.

म्हणजे मीच तिला डोक्यावर बसवलं. नऊ पानं तशीच ठेवली असती, तर लोकांनी कंटाळून भराभर उलटली असती आणि बाई आपोआप विसरली गेली असती. अक्कल गहाण ठेवली होती मी.

पुस्तक प्रकाशनाच्या दिवशी निघताना त्याच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं. सवयीने तो शर्ट काढायला लागला. आजवर मी त्याचे शर्ट मांडीवर घेऊनच शिवले, झटपट उरकतं म्हणून.

"राहू दे अंगातच," मी म्हटलं.

"टोचेल ना, ताई."

"नाही टोचत. नीट उभा राहा."

चार टाके घातले, गाठ मारली. मग दोरा तोडायला मी मान पुढे केली.

"अगं, थांब थांब," तो म्हणाला, आणि टेबलावरची कात्री त्याने माझ्या हातात दिली.