सासूची गप्प बसायची वेळ

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन नरपडला आले, आणि महिनाभरात एका कोड्यानं माझं डोकं खाल्लं. माझी सासू, शांतीबाई, संध्याकाळी माझ्याशी बोलतच नसे. सकाळी मासळीची टोपली घेऊन डहाणूच्या बाजाराला निघताना "रुपल, वेळेवर जेव गं" म्हणणारी ही बाई, परत आली की मुकी. हातपाय धुवायचे, मागच्या दारी बोंबील वाळायच्या काठ्यांजवळ फळकूट टाकायचं आणि दिवेलागणीपर्यंत नुसतं बसायचं.

माझं माहेर चिखल्याचं, सगळे बडबडे. मी विचारत राहायची, "आई, चहा ठेवू? पाय चेपू? माझं काही चुकलं का?" हूं नाही की चूं नाही. नवऱ्याला, जतीनला, विचारलं तर म्हणे, "तिची सवय आहे." झालं! मेल्याला त्यापुढे एक शब्द सुचला नाही.

शेवटी मी ठरवलं, कारण कळलं नाही तर सरळ माहेर गाठायचं. नकोशी सून होऊन मी नाही राहणार! आणि दुसऱ्या दिवशी हट्टानं तिच्याबरोबर बाजारात गेले.

बघते तर काय, ही बाई दिवसभर बोलायची थांबतच नव्हती! एकीशी गुजरातीत, दुसऱ्याशी हिंदीत, तिसरीशी मराठीत. भाव सांगायचा, रुसायचं, हसायचं, पाठ फिरवलेल्या गिऱ्हाइकाला परत बोलवायचं. मलाही ओरडायला लावलं, "ओ ताई, कल्ले तर उघडून बघा!" एकीनं पापलेटाला शिळं म्हटलं, तर मी अशी भांडले की सासूला मला आवरावं लागलं. दुपारपर्यंत माझा घसा बसला.

घरी आलो तर जतीन दारातच. "काय गं, कसा झाला धंदा? आवडलं का? उद्या जाणार?" असा राग आला म्हणता! उत्तर न देता मी हातपाय धुतले आणि मागच्या दारी गेले.

सासू आधीच बसली होती. मी आज काहीच विचारलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फळकुटावर थोडी सरकली. मी बसले. फार बरं वाटलं.

जतीन मागोमाग आलाच. "आई, हिला काय झालंय? बोलत का नाही?"

"जा तू," सासू म्हणाली. "माझी सून दिवसभर बोलून आलीय."