तोमिएबाईंच्या दारातला उतार

मी एक जुना उतार आहे. घसरगुंडी नव्हे, मित्रांनो, हसू नका. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ ओतारू गावातल्या टेकडीवर, तोमिएबाईंच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतरणारा जो सिमेंटचा पट्टा आहे, तोच मी. दिसायला अगदी साधा. पण माझ्या पोटात विजेच्या दोन तारा आहेत, एक वरच्या अर्ध्या भागात आणि एक खालच्या. बर्फ पडू लागला की त्या तापतात. मग सगळी गल्ली पांढरी झाली तरी मी आपला काळा, ओला आणि कोमट.

माझा जन्म एका भांडणातून झाला. तोमिएबाईंच्या पायांतली ताकद संधिवाताने तरुणपणीच हिरावून घेतली होती. चाकांच्या खुर्चीत बसूनच त्या गल्लीतल्या बायकांचे केस कापत. उन्हाळ्यात ठीक चाले, पण हिवाळा लागला की दारातल्या पायऱ्या बर्फाखाली जात आणि बाई घरात अडकून पडत, त्या थेट बर्फ वितळेपर्यंत. त्यांचे यजमान इवाओ बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करत. माणूस भलताच अबोल. एका हिवाळ्यात त्यांनी बायकोला पाठीवर घेऊन पायऱ्या उतरायचा हट्ट धरला.

"मी काय तांदळाचं पोतं आहे?" तोमिएबाई कडाडल्या. "चाकांवरून नेता येत असेल तर न्या. नाहीतर मी बरी आणि माझी खिडकी बरी!"

उन्हाळा येताच इवाओंनी पायऱ्या फोडल्या. लोखंडी जाळी अंथरली, तिच्यावर तारांचे नागमोडी वेढे एकेक करून स्वतःच्या हाताने बांधले आणि मग वर सिमेंट ओतले. कडेला एक यांत्रिक डोळा बसवला. गारठा आणि ओल एकदम जाणवली की तो मला जागे करतो.

"अरे, बोटीच्या इंजिनाला तू इतकं जपत नाहीस," सिमेंट ओतायला आलेला त्यांचा मित्र म्हणाला.

"इंजिन भांडत नाही," इवाओ म्हणाले. त्या आठवड्यातले त्यांचे हे सर्वांत लांब वाक्य असावे.

पहिल्या हिवाळ्यात तोमिएबाईंची खुर्ची माझ्यावरून खाली उतरली तेव्हा गल्ली बघायला जमली होती. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वतः निवडून मासळी घेतली आणि दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस केली. तेव्हापासून रोज सकाळी इवाओ बाहेर येत, वाकून माझ्यावर तळहात ठेवत आणि घराकडे तोंड करून एवढेच म्हणत, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला कळे आणि बाईंनाही कळे: ये, बाहेर ऊब आहे. मित्रांनो, माझे कौतुक पुष्कळांनी केले. मांजरे माझ्यावर लोळली, टपाल वाटणाऱ्याने माझ्यावर उभे राहून पाय शेकले. पण त्या तळहाताची सर कशालाच नाही.

शेजारी हात्सुएबाई राहत. एकट्याच होत्या, आणि जीभ मिरचीसारखी. आमच्या गल्लीत एक नियम कुणी न सांगता सगळे पाळतात: आपल्या दारातला बर्फ आपल्याच हद्दीत रचायचा. दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे नाक कापल्यासारखे. पण हात्सुएबाई सकाळी लवकर उठत, मोठ्या फावड्यावर बर्फ भरून ओढत आणत, इकडे तिकडे बघत आणि तो माझ्या खालच्या भागावर ओतून देत.

"नाहीतरी वितळवतोच आहे," त्या स्वतःशीच पुटपुटत. "याचं काय बिघडतंय?"

"तुम्ही तिला काही बोलत का नाही?" तोमिएबाई नवऱ्यावर चिडत.

"एकटी आहे. टाकू दे," इवाओ म्हणत.

पण माझे बिघडत होते. आभाळातून पडणारा बर्फ मी सहज वितळवतो, ढीग मला पचत नाही. ढीग खालून तेवढा वितळतो, आत पोकळ गुहा तयार होते आणि माझी सगळी ऊब तिच्यातच कोंडून राहते. वरचे छप्पर तसेच. पाणी मात्र खाली वाहत जाते आणि जिथे माझी ऊब संपते, तिथे थिजते.

मग एका डिसेंबरात इवाओंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. त्यांना बंदराजवळच्या इस्पितळात ठेवले. परिचारिकांनी चमचा पुढे केला की ते तोंड घट्ट मिटून घेत. तोमिएबाईंच्या हातून मात्र जेवत. म्हणून बाई रोज दुपारी मांडीवर डबा घेऊन माझ्यावरून उतरत आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या टॅक्सीत बसत. एक दिवस चुकला तर तिकडे तो माणूस उपाशी राहणार, हे मला पक्के ठाऊक होते. त्या दिवसांत मी जितक्या मनापासून तापलो तितका कधीच तापलो नसेन.

जानेवारीत एका सकाळी हात्सुएबाईंना माझ्या पायथ्याशी बर्फाची जाड लादी दिसली. त्यांच्याच ढिगाऱ्याचे पाणी थिजले होते. दुपारी तोमिए इथूनच उतरणार! त्या घाबरल्या. इथे घरोघरी बर्फ फोडायची लोखंडी पहार असते. ती आणून त्या सपासप घाव घालू लागल्या. मला ओरडावेसे वाटले, पण सिमेंटला तोंड कुठले? लादी फुटली, पाठोपाठ माझ्या काठाचा टवका उडाला आणि पहार तारेत रुतली. हात्सुएबाई वाचल्या, कारण वीज तोडणारा खटका लगेच पडला. पण माझा खालचा अर्धा भाग थंड पडला.

"वरची तार चालू करून देतो," वायरमन म्हणाला. "खालचीसाठी सिमेंट फोडावं लागेल. या थंडीत नाही जमायचं. बर्फ जाऊ दे."

दुपारपर्यंत माझ्या खालच्या भागावर पुन्हा बर्फ साठला. तोमिएबाई कोट घालून दारात बसल्या होत्या. टॅक्सीवाल्याने खालूनच मान हलवली आणि तो निघून गेला. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. मांडीवरचा डबा निवेपर्यंत तशाच बसून राहिल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या पाठीवर खरड-खरड आवाज आला. हात्सुएबाई होत्या. फावडे भरभरून बर्फ त्या आपल्या अंगणात ओढून नेत होत्या आणि उघड्या पडलेल्या सिमेंटवर वाळू टाकत होत्या. दार उघडले.

"हे काय चाललंय, हात्सुए?"

"दिसत नाही? माझा बर्फ परत न्यायला आलेय."

"हा रात्री पडलाय. माझ्याच दारातला आहे."

"मला नको शिकवूस. इतकी वर्षं माझा बर्फ तुझ्या दारात पडला, आता कुठला कुणाचा ते काय ओळखू येतं?" त्यांनी फावडे बर्फात खुपसले. "तू आवर गं. तो तिकडे तोंड मिटून बसला असेल. आणि डब्यात हे मुळ्याचं लोणचं घाल. तुझं नेहमी आळणी होतं."

तोमिएबाई हसल्या आणि हसता हसताच रडल्या. त्या दिवशी टॅक्सी रिकामी गेली नाही. पुढे सगळा हिवाळा कुरकुरत, कंबर धरत, पण एक दिवस न चुकता हात्सुएबाई येत राहिल्या.

बर्फ जायच्या आधीच इवाओ घरी आले. आता तेही चाकांच्या खुर्चीत, आणि खुर्ची ढकलत होत्या हात्सुएबाई. माझ्या पायथ्याशी इवाओंनी डावा हात वर केला. खुर्ची थांबली. ते कष्टाने वाकले आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. तिथे मी दगडासारखा गार होतो.

"ती बाजू गेली," हात्सुएबाई खाली बघत म्हणाल्या. "माझ्यामुळे."

इवाओंनी आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मला हलकेच थोपटले. मग खुर्ची वर चढली. अर्ध्यावर त्यांनी पुन्हा थांबवले, पुन्हा वाकले. इथे मी कोमट होतो. तळहात बराच वेळ तिथेच राहिला. मग घराकडे तोंड करून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांच्या घशातून आवाज निघाला.

"हं."

दार उघडले आणि तोमिएबाई बाहेर आल्या.

पुढे उन्हाळ्यात माझी खालची तार बदलली. मित्रांनो, तुमच्या गावी बर्फ पडत नसेल. पण तुमच्याही पायाखाली, भिंतीआड, घराच्या एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी मुकाट्याने राबत असेलच. ते सहन करते म्हणून त्याच्यावर आपले ढीग टाकू नका. आणि कधीतरी वाकून त्याच्यावर नुसता हात ठेवा. तेवढ्यावर आम्ही कितीतरी हिवाळे काढतो.