सुमंतदादाचा डोळा

माझ्या सासूबाईंना उत्तर द्यायची भारी घाई, मग प्रश्न कुणालाही विचारलेला असो. नूपुरच्या डोळ्यांची तपासणी होती त्या दिवशीही त्या बेसाच्या घरून हट्टाने आमच्याबरोबर ऑटोत बसल्या. नातीच्या डोळ्यांना कोण हात लावतंय ते त्यांना बघायचं होतं.

नूपुर माझी लेक, चोवीस वर्षांची. पोहायचं वेड आणि चष्मा पाच नंबरचा. पाण्यात उतरलं की समोरचा काठ दिसत नाही, म्हणून तिला लेसरने नंबर घालवायचा होता.

डॉक्टर गार्गींनी संगणकावर तिच्या बुब्बुळाचा रंगीत नकाशा दाखवला. म्हणाल्या, "हे एआय हजारो डोळे पाहून शिकलंय. आम्हाला आजार दिसायच्या आधी त्याला शंका येते. नूपुरच्या उजव्या डोळ्याबद्दल त्याला शंका आहे. बुब्बुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार असेल, तर लेसरने तो वाढेल. मला स्वतःला काही दिसत नाही. म्हणून विचारते काकू, नात्यात कुणाला असं झालंय? कुणाचं बुब्बुळ बदललंय? एक जरी निघालं तरी मी ऑपरेशन करणार नाही."

प्रश्न मला होता. उत्तर सासूबाईंनी दिलं. "आमच्याकडे तसलं काही नाही, अन् हिच्या माहेरीही नाही. हिच्या भावाच्या डोळ्याले लहानपणी विटी लागली होती, तेवढंच."

सुमंतदादाला कुठलीच विटी लागली नव्हती. माझं लग्न जुळत होतं त्याच वर्षी त्याचं बुब्बुळ असंच पुढे आलं आणि दुसऱ्याचं बसवावं लागलं. घराण्यात डोळ्यांचा आजार म्हटल्यावर सोयरीक मोडली असती, म्हणून माहेरी काटोलला बाबांनी ही विटी शोधून काढली. सव्वीस वर्षं ती माझ्याबरोबर सासरी नांदत होती.

मी मान डोलावली. या वयात मला कोण घराबाहेर काढणार होतं? फार तर महिनाभर टोमणे ऐकले असते. पण मान आपसूक डोलली, इतकी तिला सवय झालेली. ऑपरेशन शनिवारी होतं. डॉक्टरांचा नंबर तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता. रोज सकाळी वाटायचं, आज फोन करू. मग वाटायचं, मशीनच ते, चुकतही असेल.

मशीन चुकलं नव्हतं. ऑपरेशननंतर दीड वर्षात नूपुरच्या उजव्या डोळ्यापुढे अक्षरं पसरू लागली. डॉक्टर म्हणाल्या, "आजार थांबवता येईल, पण गेलेली नजर पूर्ण परत येणार नाही." पुढे म्हणाल्या, "चूक माझी आहे. त्या शंकेवर थांबायला हवं होतं." सासूबाई त्यांच्यावर तुटून पडल्या. ती पोरसवदा डॉक्टर खाली मान घालून ऐकत राहिली, आणि मला ते बघवेना. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं, विटीचं खरं सांगितलं. नूपुरने माझ्याकडे पाहिलं आणि आपली फाइल उचलून ती बाहेर निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी सुमंतदादा काटोलहून आला. "काहून नाही सांगितलं वं मेघा? मले तर कोणी विचारलं की मी सांगतो. माह्या डोळ्याची तुले इतकी लाज वाटे?"

लाज नव्हती रे दादा, असं म्हणायला मी गेले, पण लाजच होती.

उपचारासाठी नूपुर, दादा आणि मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथली नर्स फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "आत चला, घरच्यांच्या आजारांची माहिती लिहून घ्यायची आहे." मी पदर सावरून उठले. या वेळी सगळं खरं सांगायचं मी रात्रभर घोकलं होतं.

नूपुरने दादाचा हात धरला. "मामा, तुम्ही चला माझ्यासोबत," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "आई, तू बाहेरच बस."