डोळ्यांतले लाल ठिपके

रहस्यकथा लिहिणाऱ्यांपुढे बोलायला मला आवडत नाही. उभं आयुष्य शवविच्छेदनात गेलं, आणि मेलेली माणसं निदान मध्येच हात वर करत नाहीत. पण वाचनालयाच्या बाई माझ्या मैत्रीण, त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून रविवारी सकाळी दहा-बारा लेखकांपुढे जाऊन उभी राहिले. विषय लेखकांनीच काढलेला: गुदमरून आलेला मृत्यू आणि त्याच्या खुणा.

"तुमचे इन्स्पेक्टर प्रेताची पापणी उचलतात," मी म्हणाले, "आत लाल ठिपके दिसतात, की लगेच खून झाला म्हणून मोकळे. हे आधी बंद करा. ते ठिपके म्हणजे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. गळा आवळल्यावर दिसतात, खरंय. पण खोकून खोकून बेजार झालेल्या माणसातही दिसतात, हृदय थकून गेलेल्यातही दिसतात. ओठ निळे पडण्याचं तर विचारूच नका. एका खुणेवर निकाल देणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. अंगावर इतर जखमा आहेत का, आजार कुठला होता, खोलीत काय होतं, सगळं एकत्र बघावं लागतं. आणि कधीकधी सगळं बघूनही कळत नाही."

"कळलं नाही असं लिहिलं तर पुस्तक कोण घेईल?" एक मिशीवाले लेखक म्हणाले.

"मग प्रेमकथा लिहा."

बाकीच्यांचे प्रश्न नेहमीचेच, खुन्याच्या सोयीचे. शेवटच्या रांगेतल्या पन्नाशीच्या बाईंनी मात्र विचारलं, "जाणाऱ्याला फार त्रास होतो का? म्हातारं माणूस असेल तर?" लेखकांना मेलेल्याशी काही देणंघेणं नसतं, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी व्याख्यान आवरतं घेतलं. मंडळी चहाकडे वळली तशी त्या बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही गोष्ट लिहीत नाही आहात. कोण गेलं?"

"सासूबाई. दोन महिने झाले." त्या पर्सच्या बंदाशी चाळा करत होत्या. "अर्धी रात्र त्यांच्याजवळ नवरा बसायचा, अर्धी मी. त्या रात्री मला उठवून म्हणाला, आत्ता कुठे डोळा लागलाय, हात लावू नकोस. मीही दमलेली, खुर्चीतच झोप लागली. उजाडल्यावर बघते तर गेलेल्या. डोळ्यांत तेच ठिपके. आम्ही दोघं रहस्यकथांचे किडे हो, डॉक्टर. खुनी कोण यावरून जेवताना भांडणारे. माझं लक्ष तिकडेच गेलं."

"म्हणून नवऱ्यावर संशय?"

"त्याला आईचे हाल बघवत नव्हते. मला सोडव रे, म्हणायच्या त्या. आणि ज्याने जन्मात रुमाल धुतला नाही, त्याने सकाळी उशीचा अभ्रा धुतला. सगळे विधी घाईघाईने उरकले. इथल्या कार्यक्रमांना तो नेहमी पुढची खुर्ची धरतो. आज विषय ऐकला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला."

"विचारलंत त्यांना?"

"हो म्हणाला तर?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मला कुणाला सांगायचं नाही. त्याच्याबरोबरच राहायचंय. पण अंथरुणात शेजारी पडले की झोप येत नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती. मी आजाराची चौकशी केली. पाय सुजलेले, सतत खोकला, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा म्हणून तीन उश्यांना टेकून बसूनच झोपायच्या. मला अंदाज आला. पण बाई नवऱ्याला बोलवायला तयार होईनात, आणि माझ्याकडे धीर नावाची चीज नाही. मीच उठून त्याला आत आणलं. किडकिडीत माणूस, वर्तमानपत्राची गुंडाळी हातात.

"आईच्या उशीचा अभ्रा का धुतलात?" मी विचारलं.

तो बायकोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जे काय झालं ते मी केलं. हिचा काही संबंध नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला मात्र ते वाक्य खटकलं. संबंध आहे असं म्हणालं कोण होतं?

"कसं केलंत?"

"आई आडवी झोपली होती. उशी घेतली आणि..."

"त्या आडव्या झोपत नव्हत्या. वाचक म्हणून बरे असाल, खुनी म्हणून नापास आहात. अभ्र्यावर काय होतं?"

तो खुर्चीत बसला. "फेस होता. गुलाबी. मी हिला उठवून गेलो तेव्हा आई झोपली होती, घोरत होती. सकाळी ते ठिपके, तो फेस. हिने आईचं सगळं केलं, डॉक्टर, सगळं. दमून गेली होती. मला वाटलं, एखाद्या क्षणी तोल गेला असेल. कुणी हिला काही विचारू नये एवढंच डोक्यात होतं."

"हृदय हरलं की फुप्फुसांत पाणी भरतं," मी म्हणाले. "तोंडाला येतो तो गुलाबी फेस बहुतेक वेळा त्याचाच. ठिपकेही त्यात बसतात. प्रेत समोर नाही, कोर्टात मी शपथ घेणार नाही. पण हा आजार, ती सूज, तीन उश्या हे सगळं ऐकून माझ्या मनात शंका उरली नाही. आई त्यांच्या आजाराने गेल्या."

वाचनालयाच्या बाई चहा घेऊन आल्या होत्या, मी त्यांना खुणेनेच परत पाठवलं.

"तुला वाटलं, मी?" बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तुलाही तेच वाटलं ना?"

"हो."

"आणि तरी रोज माझा डबा भरत होतीस."

"मग काय उपाशी ठेवू?"

माझ्या तोंडावर हसू आलं होतं, ते मी आवरलं. कारण त्याची मान खाली गेली होती. दोन महिने हा माणूस बायकोला राखत होता आणि बायको त्याला. त्या राखणीत म्हातारीसाठी रडायला कुणाला सवडच झाली नव्हती. त्याने बायकोचा हात धरला.

"आई गेली गं," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.