टेकाडापाशी बंद पडणारी मोटर

जुहैशच्या नावेची मोटर अबू सुमैरच्या टेकाडापाशी बंद पडायची. बाजाराला जाताना पडायची, येताना पडायची. एवढी अफाट दलदल पसरलेली असताना ती बया नेमकी तिथेच मान टाकायची.

गावात कुणाला याचं नवल नव्हतं. टेकाडाखाली एक जुनं गाव बुडालंय, तिथे खजुराच्या बागा अजून फळतात, आणि तिथले लोक ज्याला ठेवून घेतात तो मरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथे नाव अडली की कशालाही हात लावायचा नाही, ते सोडतील तेव्हा निघायचं, असा शिरस्ताच होता. आणि थोडा वेळ गप्प बसलं की मोटर खरोखरच सुरू व्हायची.

शेजारचा दाऊल म्हणायचा, "जुहैश, त्या मोटरीला टेकाडावर एखादं स्थळ बघून दे बाबा. रोजचा हेलपाटा तरी वाचेल तिचा!"

जुहैशला हसू येत नसे. ही मोटर त्याच्या थोरल्या भावाने, सैहूदने, बसऱ्याहून जुनी विकत आणली होती. आठवडाही झाला नव्हता, आणि ती याच जागी बंद पडली असताना वावटळ उठली. नाव उलटी सापडली. मोटर सापडली. सैहूद सापडला नाही.

"मेला असता तर मिळाला असता," आई म्हणे. "ठेवून घेतलंय त्याला."

रोज सकाळी ती म्हशीच्या दुधाच्या सायीची ताटं घेऊन नावेत बसायची. टेकाडापाशी मोटर थांबली की काळी अबाया डोक्यावरून पुढे ओढून बोरूच्या बेटाशी बोलायची. कुठली म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं सांगायची. मग कान देऊन ऐकायची, मान हलवायची, कधी खुदकन हसायची सुद्धा. जुहैशला नुसती पाण्याची चुबुकचुबुक ऐकू यायची. त्याच्या अंगावर काटा यायचा, पण आई त्यानंतर दिवसभर माणसासारखी जेवायची, म्हणून तो तोंड मिटून होता.

मोटरीच्या मागे मात्र तो हात धुऊन लागला होता. कार्बोरेटर धुतला, गाळणी बदलली, तळाशी साचलेलं पाणी काढलं, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा नवा घातला, नळीसुद्धा नवी आणली. घरापुढे चालवून पाहिली की मोटर गुणी सुनेसारखी वागायची. टेकाड आलं की पुन्हा तेच.

मग एकदा आईला ताप आला आणि तो एकटाच निघाला. दाट धुकं होतं. टेकाडापाशी मोटर दोनदा खोकली आणि गप्प झाली. त्या शांततेत त्याला ताज्या रोटीचा वास आला. टेकाडावर चूल नव्हती, माणूस नव्हतं, आणि वास तर अगदी नाकाशी होता. तो इतका घाबरला की शिरस्ता विसरला. पेट्रोल पुढे ढकलायला त्याने नळीवरचा रबरी फुगा धरला, तर फुगा चपटा, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे पुढे सगळं ठीक होतं. टाकीच पेट्रोल सोडत नव्हती.

त्याने टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने श्वास घेतला. लांब, खोल, पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. त्याच्या हातातला फुगा टम्म भरला, आणि दोरी एकदाच ओढताच मोटर सुरू झाली.

मग रोज हाताळलेलं ते झाकण त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. पेट्रोल जितकं जाईल तितकी हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. त्यावर मेंदी थापलेली होती, दगडासारखी वाळलेली, आणि वर पीराच्या दर्ग्यातली हिरवी पट्टी आवळून बांधलेली. सैहूदने मोटर आणली त्या दिवशी आईनेच नजर लागू नये म्हणून हे केलं होतं. घरून असो की बाजारातून, टाकी भरून निघायचं, आत हवा यायची नाही, आणि अर्ध्या वाटेवरच्या टेकाडापर्यंत टाकीचा गळा आवळला जायचा. थांबल्यावर झाकणाच्या आट्यांतून हवा हळूहळू शिरायची, इतकंच.

जुहैश तिथेच बसून रडला. मग सुरीने मेंदी खरवडली, पट्टी खिशात घातली.

आईचा ताप उतरला तशी त्याची झोप उडाली. आता मोटर थांबणार नव्हती. का नाही थांबली असं आई विचारणार. खरं सांगितलं तर तिचा लेक पुन्हा मरणार, आणि या वेळी तिच्याच हातून. ते त्याला काही केल्या होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून आईला घेऊन निघाल्यावर, धुक्यातून टेकाड दिसताच त्याने नळीवर टाच दाबून धरली. मोटर थांबली.

आई बोरूकडे वळून बोलू लागली. बोलून झाल्यावर तिने कान दिला. पुष्कळ वेळ दिला. मग तिची मान वळली.

"आज तो बोलला नाही."

"धुकं किती आहे, आई. ऐकू आलं नसेल."

"धुक्याने कान बुजतात होय रे?" तिची नजर त्याच्या पायावर, मग टाकीच्या झाकणावर गेली. "तू थांबवलीस. पट्टी कुठाय?"

त्याने टाच उचलली. आई सरकत टाकीपाशी आली. झाकणावरून बोट फिरवताना तिला ते भोक लागलं. नखाने खरवडलं तशी मेंदीची एक खपली निघाली.

"हे कशाला असतं?"

"हवेला," तो बोलून गेला.

"हवा नाही मिळाली तर?"

जुहैशने मोटरीच्या दोरीला हात घातला.

"मी मूठभर थापली होती," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आवळून बांधलं होतं. माझ्या हातानंच गेला का रे तो?"

खोटं बोलायला जुहैशने तोंड उघडलं. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात बोरूच्या आतून, वल्ह्याच्या अंतरावरून, कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "नाही गं, आई."

या वेळी ते जुहैशनेही ऐकलं.